आई झाली त्याआधीची बाई : जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’

इमेल्डाने नवऱ्याला कधीकाळी लिहिलेल्या एका खेळकर पत्राने ही कादंबरी सुरू होते, आणि लगेच आपण मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या तेहतीस क्रमांकाच्या, म्हणजे मानसोपचाराच्या, वॉर्डात येऊन पोहोचतो. आई तिथे दाखल आहे, मुलगा तिच्यापाशी बसला आहे, आणि तो तिला त्या जुन्या पत्राबद्दल विचारतो आहे. तब्येतीची चौकशी करण्याऐवजी तो जुन्या गोष्टी उकरतो आहे, याचे वाचकाला क्षणभर नवल वाटते. पुढे लक्षात येते की संपूर्ण पुस्तक याच एका क्रियेवर उभे आहे. मुलगा विचारत राहतो, आई विडी ओढत उत्तरे देत राहते, आणि तिच्या उत्तरांतले खरे किती, गंमत किती आणि आजार किती हे निवडण्याचे काम त्याच्याकडे आणि आपल्याकडे राहते.

जेरी पिंटो यांची ही पहिली कादंबरी २०१२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तिला ‘द हिंदू’ या वृत्तपत्राचा साहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये इंग्रजीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कारही. शांता गोखले यांनी तिचे ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठी भाषांतर केले आहे. पुरस्कारांची यादी इथे थांबवतो, कारण पुरस्कारप्राप्त म्हणून विकत घेतलेली आणि पन्नास पानांनंतर कपाटात गेलेली अनेक पुस्तके माझ्याकडे आहेत. हे पुस्तक मी तीनदा वाचले, आणि तिसऱ्यांदा वाचण्यामागे साहित्यप्रेम नव्हते. त्या कारणाकडे पुढे येतो.

कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. माहीमच्या एका लहानशा, एकाच बेडरूमच्या घरात गोव्याकडचे एक ख्रिस्ती कुटुंब राहते. आई इमेल्डा, जिला मुले ‘एम’ म्हणतात. वडील ऑगस्टीन, जे बोलण्याऐवजी बऱ्याचदा नुसता हुंकार देतात म्हणून ‘बिग हूम’. मोठी बहीण सुझन. आणि ज्याचे नाव शेवटपर्यंत कळत नाही असा निवेदक मुलगा. एमला आज ज्याला द्विध्रुवीय विकार म्हणतात तो आजार आहे. ती भरात असते तेव्हा चहाच्या कपांमागून कप रिकामे होतात, विड्या पेटत राहतात, आणि तोंडाला कसलाही बांध उरत नाही. मन खचते तेव्हा ती मरू पाहते, आणि एकदाच नव्हे. या दोन टोकांच्या मधल्या काळात घरातले बाकीचे तिघे नोकरी, कॉलेज, किराणा आणि पाहुणे सांभाळतात.

एवढ्या सामग्रीवर एखाद्या लेखकाने डोळ्यांत पाणी आणणारी, त्यागाने ओथंबलेली कादंबरी सहज लिहिली असती. आपल्याकडे तर त्यासाठी वाट तयारच होती. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली तेव्हापासून मराठी घरांत आई म्हणजे शिकवणारी, आणि मूल म्हणजे त्या शिकवणीचे ऋण आयुष्यभर आठवणारे, हे नाते इतके पक्के बसले आहे की आईविषयी लिहायला बसणाऱ्याची लेखणी आपोआप त्याच रुळांवर धावू लागते. त्या पुस्तकाविषयी मला आदर आहे आणि ते आजही मला रडवते. परंतु श्याम आईला काय विचारतो, हे आठवून पाहा. तो तिचे ऐकतो, चुकतो, पस्तावतो. लग्नाआधी ती कशी होती, तिला मूल हवे होते का, असले प्रश्न त्याला पडणे शक्यच नाही. पिंटो यांच्या निवेदकाला मात्र नेमके हेच हवे आहे. आई होण्याआधीची इमेल्डा कोण होती, हे कळल्याशिवाय समोरची आजारी बाई आपल्याला कळणार नाही, अशी त्याची खात्री आहे. म्हणून तो तिच्या जपून ठेवलेल्या जुन्या पत्रांत आणि डायऱ्यांत शोधतो, तिला बोलते करतो, आणि तिने सांगितलेले मनात टिपून ठेवतो. आजारी माणसाची शुश्रूषा करणारा मुलगा आणि त्याच माणसाची मुलाखत घेणारा मुलगा, अशा दोन भूमिका एकाच देहात वावरतात.

एमची उत्तरे साधी नाहीत. ऑगस्टीनबरोबरच्या बारा वर्षांच्या प्रेमप्रकरणाविषयी, लग्नाविषयी, शरीरसंबंधाविषयी ती मुलांशी इतक्या मोकळेपणाने बोलते की मुलेच कानकोंडी होतात. या मोकळेपणाला आजाराचा परवाना आहे असे सुरुवातीला वाटते. हळूहळू मात्र असे वाटू लागते की ही बाई बरी असती तरीही बहुधा अशीच बोलली असती; फरक एवढाच की मग ऐकणाऱ्यांना ते आजारात ढकलून देण्याची सोय उरली नसती.

एका ठिकाणी ती आईपणाविषयी बोलते. इंग्रजीतला ‘मदर’ हा शब्द ती ‘मड्ढा’ असा वेडावून उच्चारते, आणि मुले एका भल्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बाईचे रूपांतर या ‘मड्ढा’मध्ये करतात, तिच्या जगाच्या मध्यावरून तिलाच हटवतात, हे आपल्याला नको होते असे ती मुलालाच सांगते. ज्यांच्यामुळे ती आई झाली त्यांतलाच एक समोर बसून हे ऐकतो आहे. हा परिच्छेद मला पुस्तकातला सर्वांत धीट वाटतो, कारण त्यात मुलाचा धिक्कार नाही आणि प्रेमाची ग्वाहीही नाही. एम मुलावर प्रेम करते याविषयी वाचकाला शंका राहत नाही. पण ते प्रेम आणि हे वाक्य एकाच तोंडून येऊ शकते, हे लेखकाने कोणतीही सारवासारव न करता दाखवले आहे. मराठीत आईच्या तोंडी असे वाक्य घालण्याआधी लेखकाला दहादा विचार करावा लागेल, आणि घातलेच तर पुढच्या पानावर त्याचे प्रायश्चित्त घेण्याचा मोह होईल.

आता तिसऱ्या वाचनाचे कारण. निवेदक आईला विचारतो की हे सगळे केव्हा सुरू झाले. ती सांगते की जणू कुठेतरी एक नळ उघडला गेला. आधी काळे थेंब ठिपकत होते, ते तिला दुःखासारखे जाणवत होते, आणि मग एके दिवशी तो नळ धो धो वाहू लागला. नळ उघडण्याची वेळ म्हणजे मुलाचा जन्म. आईच्या आजाराचा इतिहास शोधायला निघालेल्या मुलाला त्या इतिहासाच्या पहिल्या पानावर स्वतःचीच जन्मतारीख सापडते.

माझी एक मावशी अशीच आजारी होती. आमच्याकडे या आजाराला नाव नव्हते. ‘तिला बरं नाही’, ‘तिचं जरा डोक्याचं आहे’, ‘सध्या गोळ्या चालू आहेत’ अशा शब्दांत ते उरकले जाई, आणि लग्नाच्या वयाच्या मुलींसमोर तर तेवढेही बोलले जात नसे. मावशीला दोन मुले. धाकट्याविषयी घरातल्या बायका एकमेकींशी सहज म्हणत, ‘ह्याच्या वेळेपासून तिचं बिघडलं.’ त्यात दोष देण्याचा हेतू नव्हता. तिथी सांगावी तसे ते सांगितले जाई, जसे कुणी म्हणावे की पानशेतच्या पुराच्या वर्षी आम्ही घर बदलले. तो मुलगा तिथेच जमिनीवर बसून शेंगा सोलत असे. बाळंतपणानंतर हा आजार पहिल्यांदा उफाळून येणे किंवा उलटणे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे आणि त्यात बाळाचा काडीचाही दोष नसतो, हे त्याला सांगणारे त्या घरात कोणी नव्हते. नळाचे ते पान मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला पुस्तकातला मुलगा दिसलाच नाही. समोर आला तो शेंगांचा ढीग आणि त्यामागे खाली घातलेली मान.

पिंटो यांनी हे पान जिथे ठेवले आहे तिथे ते आरडाओरडा करत नाही, हे त्यांच्या कसबाचे लक्षण आहे. आई ते बोलून जाते, आणि मुलाने त्याचे काय केले हे लेखक आपल्याला एकदम सांगत नाही. पुढे तो स्वतःच्या मनाच्या चढउतारांवर पाळत ठेवू लागतो, हा आजार रक्तातून आपल्यातही उतरला असेल का याचा हिशेब करू लागतो, तेव्हा त्या नळाचे पाणी कुठवर पोहोचले ते कळते. आई-वडिलांकडून काय मिळाले याचा विचार बहुतेक कादंबऱ्या संस्कार, संपत्ती आणि अपेक्षा या भाषेत करतात. इथे वारसा म्हणजे एक भीती आहे, आणि ती दर सकाळी उठल्यावर तपासून पाहावी लागते.

वडिलांचे चित्र वेगळ्या रेषांनी काढलेले आहे. ऑगस्टीन इंजिनीयर आहेत, कमी बोलतात, आणि घर कोसळायच्या बेतात असताना त्याला टेकू देऊन उभे असतात. त्यांच्या मूळ गोष्टीचे, गोव्याहून मुंबईपर्यंतच्या प्रवासाचे प्रकरण वाचनीय आहे. मुलाला आईविषयी कुतूहल आहे आणि वडिलांविषयी भरवसा. तरीही या पात्राविषयी माझी तक्रार आहे. बिग हूम फार चांगले आहेत. इतकी वर्षे अशा आजाराबरोबर संसार करणाऱ्या माणसाला कधीतरी कंटाळा येतो, तो कुणावर तरी विनाकारण चिडतो, ऑफिसातून मुद्दाम उशिरा निघतो. हे त्याचे पाप नव्हे, ते त्याचे माणूसपण. माझे काका मावशीला प्रामाणिकपणे सांभाळत, आणि तरीही दर रविवारी दुपारी चार तास कुठेतरी नाहीसे होत. ते कुठे जात हे कुणी कधी विचारले नाही. बिग हूम यांना असा एखादा रविवार लेखकाने दिला असता तर बरे झाले असते. मुलाच्या नजरेतून वडील दिसतात म्हणून ते असे उंच दिसतात, हे स्पष्टीकरण मला अर्धेच पटते, कारण आईच्या बाबतीत हीच नजर कमालीची निर्दय आहे.

सुझनच्या बाबतीत तक्रार अधिक गंभीर आहे. आजारी आईच्या घरात मुलीच्या वाट्याला येणारे काम आणि मुलाच्या वाट्याला येणारे काम एकसारखे नसते, हे आपल्यापैकी कुणालाही सांगायला नको. सुझन पुस्तकभर हजर आहे, समंजस आहे, विनोदीही आहे. परंतु तिला काय वाटते हे आपल्याला तिच्या भावाकडूनच तुटक तुटक कळते. आईला एवढे प्रश्न विचारणारा मुलगा बहिणीला फारसे विचारत नाही.

याउलट आजीचे पात्र थोड्याच जागेत पक्के उभे राहिले आहे. तिच्या बोलण्यात नेमके शब्द गळून पडतात आणि त्यांच्या जागी ‘ते हे’ करत वेळ मारून नेली जाते. ऐकणाऱ्याने गाळलेल्या जागा भराव्यात. ब्रह्मदेशातून युद्धकाळात परागंदा होऊन आलेल्या या कुटुंबाचा गाडा तरुण इमेल्डाच्या पगारावर चालत असे आणि तो पगार आईच्या हाती पडत असे, हा तपशील कादंबरीत फार जोर न देता येतो. माझ्या मते मात्र तो मध्यवर्ती आहे, कारण आई होण्याच्या कितीतरी आधी ही बाई आपल्याच आई-वडिलांची पालक झालेली होती. इथे मराठी वाचकाला शांता गोखले यांची स्वतःची कादंबरी ‘रीटा वेलिणकर’ आठवल्याशिवाय राहणार नाही. तिच्यातली रीटाही थोरली मुलगी, कोवळ्या वयात नोकरीला लागलेली, आई-वडिलांचा आणि बहिणींचा संसार ओढणारी, आणि अखेर मन मोडून उपचारगृहात पोहोचलेली. ती लिहिणाऱ्या लेखिकेनेच इमेल्डाला मराठीत आणावे, हा योग मला समाधान देतो. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालू आहे: पिंटो यांनी दया पवार यांचे ‘बलुतं’, मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आणि सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ मराठीतून इंग्रजीत नेली आहेत.

रुग्णालयांचे चित्रण संयत आहे. वॉर्डात आणून सोडलेली आणि नंतर कुणी न्यायला न आलेली माणसे, पाळीच्या वेळेप्रमाणे बदलणारा कर्मचाऱ्यांचा सूर, भेटायला येणाऱ्यांची आपसातली ओळख, हे सगळे आत जाऊन आलेल्या माणसाच्या नजरेने टिपलेले आहे. एका उपचाराच्या वेळी एमला विजेचे झटके दिले जातात, आणि त्यानंतर घरी परत येते ती एक पुसट, गप्प बाई. जिच्या अखंड बडबडीने घरातल्यांचे डोके उठत असे तीच आता काही बोलत नाही, तेव्हा मुलांना ती बडबड हवीशी वाटू लागते. हे वाचताना काळ लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कादंबरीच्या काळात आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता, त्यामुळे अशा प्रत्येक प्रसंगाबरोबर घरावर पोलिसांचीही सावली असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले, आणि भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता झटके देण्यास मनाई केली. आजचा वाचक नीट दिल्या गेलेल्या त्या उपचाराविषयी या प्रकरणावरून मत बनवील, ही शक्यता मला थोडी खटकते. मावशीला त्याच उपचाराने दोन वेळा अंथरुणातून उठवले होते.

रचनेविषयी थोडे. कथानक सरळ रेषेत जात नाही. जुनी पत्रे, डायरीतल्या नोंदी, वॉर्डातल्या गप्पा आणि निवेदकाचे चिंतन यांची एकमेकांत गुंफण आहे, आणि काही ठिकाणी हे तुकडे नुसतेच शेजारी ठेवल्यासारखे वाटतात. एमचे संवाद कधीकधी अतिचमकदार होतात. प्रत्येक वाक्याला कोटी, प्रत्येक कोटीवर प्रतिकोटी. भरात असलेल्या रुग्णाची शब्दांवरून शब्दांवर उडी जाते हे खरे आहे, पण प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच उड्या फसतात, आणि फसलेल्या उड्या या पुस्तकात कमी आहेत. लेखकाने या हस्तलिखितावर वीस वर्षांहून अधिक काळ काम केले. इतक्या वेळा घासल्यावर काही कडा जास्तच गुळगुळीत झाल्या असाव्यात. हे लेखन त्यांच्या स्वतःच्या घरातल्या अनुभवावर आधारलेले आहे हे त्यांनी उघडपणे सांगितले आहे, आणि पुढे २०१६ मध्ये त्यांनी मनाच्या आजारांनी घेरलेल्या आप्तांविषयी इतरांनी लिहिलेल्या लेखांचा एक इंग्रजी संग्रहही संपादित केला.

घ्यायचे असेल तर कोणत्या भाषेतले घ्यावे, असे मला दोघांनी विचारले. इंग्रजी सहज वाचणाऱ्याने मूळच घ्यावे, कारण एमच्या अर्ध्या कोट्या माहीम-वांद्र्याच्या ख्रिस्ती इंग्रजीच्या उच्चारांवर उभ्या आहेत. मराठी शीर्षकाला मात्र मी मूळ शीर्षकापेक्षा वरचढ मानतो. ‘राव’ जोडल्याबरोबर त्या हुंकारणाऱ्या माणसाला घरातला मान मिळाला आणि मुलांची थट्टाही कायम राहिली. पृष्ठसंख्या अडीचशेच्या आत आहे, त्यामुळे दोन-तीन बैठकांत वाचून होते. घरात असा आजार सध्या चालू असेल तर एका बैठकीत वाचू नये, आणि रुग्णालयाच्या बाकावर तर मुळीच नाही.

मावशीच्या धाकट्या मुलाला मी दोन्ही प्रती दिल्या होत्या आणि नळाचे पान कुठे येते तेही आधी सांगून ठेवले होते, कारण तिथे तो एकटा पोहोचावा असे मला वाटले नाही. महिन्याभराने इंग्रजी प्रत परत आली. मराठी त्याने ठेवून घेतली आहे; थोरल्याला वाचायची आहे म्हणाला. थोरला गेल्या वीस वर्षांत वर्तमानपत्रापलीकडे काही वाचत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून मी ती परत मागितलेली नाही.